नाव लपवून काय साधणार?

वायफायचं नाव लपवा. मॅक फिल्टर लावा. पासवर्ड दर महिन्याला बदला. राऊटर खिडकीपासून लांब ठेवा. रात्री बंद करून झोपा. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी ही यादी तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. कधी तिच्यात सात कलमं असतात, कधी दहा. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'जनहितार्थ' हे ठरलेलं. पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, यादीबद्दल मात्र आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. ही यादी मनापासून पाळणारा माणूस एक अख्खा रविवार घालवतो, घरच्यांची बोलणी खातो आणि जिथून खरा धोका आहे त्या जागा सताड उघड्या ठेवून निर्धास्त झोपतो. यादी न पाळणारा निदान निर्धास्त तरी नसतो.

पहिल्या कलमापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त श्रद्धा त्याच्यावर आहे. नाव दिसलं नाही तर चोर येणार कसा, असा त्यामागचा भाबडा हिशेब. आता राऊटर काय करतो ते पाहा. तो सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देत असतो. तुम्ही नाव लपवलंत की हाळी थांबत नाही, तिच्यातला नावाचा रकाना तेवढा रिकामा जातो. शेजाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपवर ते नेटवर्क 'हिडन नेटवर्क' म्हणून दिसत राहतं. म्हणजे आजवर बाकीच्या पंधरा नावांत हरवून गेलेलं तुमचं नेटवर्क आता उठून दिसायला लागलं.

बरं, नाव तरी लपतं का? घरच्या राऊटरवर हे कुणालाही पाहता येतं. लॅपटॉपवर वायरशार्क किंवा किस्मेटसारखं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि वायफाय कार्डाला नुसतं ऐकत बसायला लावायचं. मी ते माझ्या घरी लावलं तेव्हा लपवलेल्या नेटवर्कसमोर नावाची जागा कोरी होती. थोड्या वेळाने मुलगी क्लासवरून आली, तिचा फोन दारातच राऊटरला जोडला गेला आणि त्या कोऱ्या जागेत नाव उमटलं. फोनला जोडणी मागताना नाव घ्यावंच लागतं आणि तो ते उघड्यावर घेतो. कूटलेखन त्यानंतर सुरू होतं. ऐकणाऱ्याने नुसती कुणीतरी घरी येण्याची वाट पाहायची.

याहून गमतीचा भाग पुढे आहे. राऊटर आपलं नाव सांगत नाही म्हटल्यावर ते शोधायची जबाबदारी फोनवर येते. फोनला आपण घरी आहोत की दादर स्टेशनवर, हे काय ठाऊक? तो जाईल तिथे नाव घेऊन विचारत राहतो, 'अमुक नेटवर्क इथे आहे का?' घरात झाकलेलं नाव असं गावभर होतं. नव्या फोनांनी या बडबडीला बराच लगाम घातला आहे, पण लपवलेल्या नेटवर्कच्या बाबतीत त्यांचाही नाइलाज होतो.

नावाचा एक खरा उपयोग आहे आणि यादीत नेमका तोच नाही. डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत तुमच्या पासवर्डपासून किल्ली तयार होते तेव्हा त्यात नेटवर्कचं नाव मिसळलेलं असतं. कंपनीने दिलेलं सर्रास सापडणारं नाव तसंच ठेवलं, तर त्या नावासाठी लाखो पासवर्डांच्या किल्ल्या आधीच काढून ठेवलेले तक्ते कामाला येतात. नाव वेगळं असेल तर ते तक्ते रद्दीत जातात. तेव्हा नाव दिसू द्या, फक्त ते तुमचं स्वतःचं असू द्या. त्यात फ्लॅट नंबर घालू नका, एवढं शहाणपण पुरे.

मॅक फिल्टरला इतका वेळ द्यायचं कारण नाही. प्रत्येक उपकरणाचा एक ओळखक्रमांक असतो, फक्त यादीतल्या क्रमांकांनाच आत घ्यायचं, ही कल्पना कागदावर छान दिसते. पण हा क्रमांक हवेत जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर उघडा लिहिलेला असतो, आणि ज्याला तो वाचता येतो त्याला स्वतःच्या लॅपटॉपवर तोच क्रमांक चढवायला दोन आज्ञा पुरतात. उलट त्रास होतो तो घरच्यांना. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा क्रमांक न सांगता बनावट क्रमांक सांगतात, खासगीपणासाठी. त्यामुळे फोन बदलला, सेटिंग रिसेट झालं किंवा भाचा राहायला आला की यादी पुन्हा लिहायची. बुधवारपर्यंत कुणीतरी वैतागून फिल्टर काढतं, आणि त्याच्यासोबत घरातली सुरक्षेबद्दलची उरलीसुरली आस्थाही जाते.

राऊटर खिडकीपासून लांब ठेवण्याचं तेच. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये सहा बाजूंपैकी चार बाजूंना शेजारी असतात. सिग्नल खिडकीतून जाईल ही चिंता बंगलेवाल्यांनी करावी. राऊटर घराच्या मध्यावर ठेवला तर आतल्या खोलीत रेंज येते, म्हणून ठेवा. सुरक्षेचं नाव कशाला?

आता पासवर्ड. दर महिन्याला बदलण्याचा सल्ला जुन्या ऑफिसांतून घरात आला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शिकेत सांगून टाकलं, की फुटल्याचा पुरावा नसेल तर पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा तेवढा पुढे सरकवतो. घरातल्या टीव्हीपासून गीझरपर्यंत दहा वस्तू वायफायवर असताना दर पहिल्या तारखेला हा सोहळा कोण करणार? जो करेल तो सोपाच पासवर्ड निवडेल. आणि सोपा म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात विचारा. मोबाईल नंबर.

इथे जरा थांबू, कारण हा मुद्दा यादीत कुठेच नसतो आणि माझ्या मते निम्मं प्रकरण इथेच आहे.

डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन राऊटरला जोडला जातो तेव्हा दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. हे चार निरोप कुणी टिपून घेतले, की त्याला पुन्हा तुमच्या दाराशी यायची गरज नसते. तो घरी जाऊन आपल्या संगणकावर एकेक पासवर्ड घालून जुळतो का ते बघत बसतो. तुमच्या राऊटरला याची गंधवार्ता नसते. 'तीन वेळा चुकलं की बंद' असला काही प्रकार तिथे लागूच होत नाही. सुरक्षा टिकते ती फक्त शक्यतांच्या संख्येवर. प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून पासवर्ड ४,०९६ वेळा घुसळण्याची तरतूद या पद्धतीत आहे. तरीही आजचं चांगलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासतं.

मग हिशेब करा. आपला मोबाईल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या दराने देशातला प्रत्येक संभाव्य मोबाईल नंबर तपासायला लागतात ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आत काम तमाम. हे अनोळखी माणसाचं झालं. सोसायटीतल्याच माणसाला तर तेवढंही नको. लिफ्टशेजारच्या फलकावर सभासदांची नावं आणि नंबर आपणच लावून ठेवले आहेत.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. इस्रायलमधल्या सायबरआर्क कंपनीतला संशोधक इडो हूरविच याने २०२१ मध्ये तेल अवीवच्या रस्त्यांवरून फिरून पाच हजार वायफाय नेटवर्कांचा असा माल गोळा केला आणि त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिकांचे पासवर्ड काढले. त्यातला सर्वांत मोठा वाटा मोबाईल नंबरांचा होता. तिथले नंबर ०५ ने सुरू होतात, त्यामुळे त्याला उरलेले आठच आकडे फिरवावे लागले. आपल्याकडे चाळीसपट जास्त फिरवावे लागतील, एवढाच फरक. आणि तो फरक किती वेळाचा आहे ते वर मांडलंच आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. मराठी शब्दकोश कुठेही उघडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि रोमन लिपीत सलग लिहा. समजा पाच हजार शब्दांतून असे चार उचलले, तर त्याच दराने सगळ्या जोड्या तपासायला वीस वर्षं लागतात. पाचवा शब्द जोडला की हिशेब लाखभर वर्षांवर जातो. 'मांजर-खिळा-आषाढ-टपाल-कढई' हे आजीलाही पाठ होतं. (हेच पाच वापरू नका, ते आता छापले गेले.) अभंगाची ओळ, म्हण, मुलांची नावं चालणार नाहीत; जी गोष्ट लोकांच्या तोंडी आहे ती अंदाज करणाऱ्यांच्या यादीतही असते. असा पासवर्ड एकदा ठेवला की तो फुटल्याचा संशय येईपर्यंत किंवा घरातला भाडेकरू जाईपर्यंत बदलायची गरज नाही.

डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीत ते चार निरोप टिपून घरी नेण्याचं तंत्र चालत नाही. ही पद्धत २०१८ मध्ये जाहीर झाली आणि जुलै २०२० पासून वायफाय अलायन्सचं प्रमाणपत्र हवं असलेल्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली. तुमच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-३, किंवा दोन्ही चालणारा मिश्र पर्याय दिसत असेल तर तो निवडा. मिश्र पर्यायात जुना फोन डब्ल्यूपीए-२ नेच जोडला जातो, त्यामुळे लांब पासवर्डाची गरज संपत नाही. एखाद्या जुन्या राऊटरवर डब्ल्यूईपी दिसलं तर चर्चाच नको. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तिघा संशोधकांनी ते मिनिटाभरात फोडून दाखवलं होतं.

आता ज्या कलमाचा यादीत उल्लेखही नसतो त्याकडे वळू. राऊटरच्या पाठीवर डब्ल्यूपीएस लिहिलेलं एक बटण असतं. पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची ही सोय. बटण दाबून जोडणं एकवेळ ठीक, पण त्याच सोयीला आठ आकडी पिनचा दुसरा रस्ता आहे आणि तो अनेक राऊटरांवर कुणी न विचारता चालू असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं ना? शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, तो आधीच्या सातांवरून काढता येतो. उरल्या एक कोटी. त्यातही राऊटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार आकडे बरोबर की चूक ते वेगळं सांगून टाकतो. म्हणजे आधी दहा हजार, मग एक हजार. सगळे मिळून ११,०००. स्टेफान फीबॉक या ऑस्ट्रियन तरुणाने डिसेंबर २०११ मध्ये हे उघड केलं तेव्हा सामान्य राऊटर काही तासांत पडत होता. पुढे कंपन्यांनी चुकीच्या पिननंतर थांबायची व्यवस्था केली. तर २०१४ मध्ये डोमिनिक बोंगार्ड या संशोधकाने दाखवलं, की काही चिपांमधले यादृच्छिक आकडे मुळात यादृच्छिकच नाहीत. तिथे एका प्रयत्नाच्या नोंदीवरून पिन घरबसल्या निघते. पिन मिळाली की राऊटर स्वतः होऊन तुमचा पासवर्ड देऊन टाकतो, तो मांजर-खिळा असो की त्रेसष्ट अक्षरांचा. नाव लपवा म्हणणाऱ्या यादीला हा एक खटका बंद करा असं सांगायचं सुचत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

एव्हाना वाचकांपैकी एकाने तरी मनात म्हटलं असेल, 'अहो, पण आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' हा यादीचा विरोधक, पण चूक दोघांची एकच. दोघांनाही चोर खाली पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला दिसतो आणि त्याला तुमचे फोटो किंवा बँकेचा पासवर्ड हवा आहे असं वाटतं. बँकेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं आज बरंचसं खरंही आहे. वेबवरची बहुतेक वाहतूक आता कूटबद्ध जाते. कुणी तुमच्या वायफायमध्ये शिरला तरी बँकेच्या पानावर तुम्ही काय टाइप करता ते त्याला दिसत नाही. पण जे सहज मिळतं त्याकडे लक्ष जात नाही. ते म्हणजे चोवीस तास चालू असलेला, कुणी न पाहिलेला, इंटरनेटला जोडलेला एक छोटा संगणक आणि त्याच्यामागचा तुमच्या नावावरचा पत्ता.

संगणकाचं काय होतं ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेतल्या तिघा तरुणांनी 'मिराई' नावाचा प्रोग्राम सोडला. तो इंटरनेटवर फिरून कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर शोधायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून पाहायचा. एवढंच. एवढ्या सामग्रीवर लाखो उपकरणं हाती आली आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर त्यांचा मारा झाला तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट तासन्‌तास उघडेनात. ज्यांच्या घरातली यंत्रं या कामाला जुंपली होती त्यांना फार तर नेट जरा स्लो वाटलं असेल. त्यांच्याकडे चोरण्यासारखं काहीच नव्हतं. असायची गरजही नव्हती. यात वायफायचा संबंध कुठे आला? कुठेच नाही. हल्ला इंटरनेटच्या बाजूने आला. नाव लपवलेलं, मॅक फिल्टर लावलेलं, खिडकीपासून लांब ठेवलेलं यंत्रही त्याच रांगेत उभं होतं.

ब्राझीलची गोष्ट तर पैशाचीच आहे. २०११ च्या सुमारास तिथल्या सुमारे ४५ लाख मोडेमांत, चिपमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन, डीएनएसचा पत्ता बदलला गेला. डीएनएस म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या नावाचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. ती सेवाच चोराची झाली, की तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाइप करता आणि पान भलतंच उघडतं. संगणक स्वच्छ, अँटीव्हायरस ताजा, चूक कुणाची नाही. आज ब्राउझर अशा वेळी लाल पडदा दाखवून बोंब मारतो, आणि आपण तो 'ॲडव्हान्स्ड'वर टिचकी मारून ओलांडतो.

पत्त्याचं काय होतं यासाठी मात्र ब्राझीलला जायला नको. २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. त्याचं असुरक्षित वायफाय कुणीतरी वापरलं होतं. त्याच पद्धतीने ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. इथे माणूस खरोखरच इमारतीच्या आसपास होता, हे मान्य. पण त्याला फ्लॅटमधलं काही चोरायचं नव्हतं. त्याला स्वतःच्या जागी दुसऱ्याचं नाव हवं होतं. 'आमच्याकडे आहे काय' याचं उत्तर ते आहे: तुमचं नाव आहे. संगणक जप्त होतात, चौकशा होतात, वर्तमानपत्रात पत्ता छापून येतो, आणि निर्दोष ठरेपर्यंतचा काळ कुणी परत देत नाही.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रूस श्नायर या सुरक्षेच्या क्षेत्रातल्या नामांकित अभ्यासकाने लिहिलं होतं, की मी माझं घरचं वायफाय मुद्दाम मोकळं ठेवतो. पाहुण्याला जसा चहा द्यावा तसं नेटही द्यावं, आणि माझा लॅपटॉप विमानतळावर सुरक्षित राहू शकत असेल तर घरीही राहील. यादीवाल्यांपेक्षा हा प्रतिपक्ष कितीतरी तगडा आहे आणि त्याचा दुसरा भाग मला पटतो: उपकरणंच भक्कम हवीत. पहिला भाग श्नायरच्या मिनेसोटात चालत असेल. सानपाड्यात तो सहा महिन्यांत कोसळला. शिवाय २००८ च्या घरात लॅपटॉप एक किंवा दोन. आजच्या घरात स्वतःचं रक्षण न करू शकणारा कॅमेरा, टीव्ही, बल्ब, प्रिंटर असे डझनभर जीव आहेत. पाहुण्याचा मान राखायला आज गेस्ट नेटवर्क आहे. राऊटरमध्ये ते वेगळं चालू करा, त्याला वेगळा, पण तसाच शब्दांचा लांब पासवर्ड द्या आणि पाहुण्यांसोबत घरातले कॅमेरे आणि बल्बही त्याच्यावरच पाठवा. गेस्टवरून मुख्य नेटवर्क दिसू नये ही खूण मात्र तपासून घ्या. काही स्वस्त राऊटरांत ती मारलेली नसते.

रात्री राऊटर बंद करण्याबद्दल एक कबुली द्यायला हवी: मिराई फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहायचा, त्यामुळे बंद करून चालू केलं की जायचा. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचा. २०१८ मध्ये ५४ देशांतल्या किमान पाच लाख उपकरणांत सापडलेल्या 'व्हीपीएनफिल्टर'च्या वेळी खुद्द एफबीआयने लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं. त्या प्रोग्रामचा पहिला टप्पा मात्र रीस्टार्टलाही पुरून उरत होता. तेव्हा वीज वाचवायला बंद करायचा तर करा. पण राऊटर आपणहून फर्मवेअर अपडेट घेत असेल तर तो बहुतेक रात्रीच घेतो, आणि तेवढं एक चांगलं काम तुम्ही बंद पाडाल.

फर्मवेअरचं नाव निघालं, आता खरं भांडण. ही यादी सगळं ओझं घरमालकावर टाकते. राऊटरचा मालक म्हणून त्याच्या हातात किती असतं? गेल्या वर्षी आमच्या इमारतीत एका वयस्कर शेजाऱ्यांकडे फायबर जोडलं जात होतं, तेव्हा मी तिथे बसलो होतो. पोरगा चलाख होता, पायऱ्या चढून दमलेला, पुढच्या कनेक्शनचा फोन सतत वाजत होता. पेटीच्या तळाला स्टिकर होतं. त्यावर नेटवर्कचं नाव आणि अक्षर-आकड्यांचा बारा खुणांचा बरा पासवर्ड. त्याने ते पाहिलंही नाही. "काका, पासवर्ड मोबाईल नंबरच टाकतो, लक्षात राहील." टाकला. मी विचारलं, राऊटरच्या आतल्या ॲडमिनचा पासवर्ड बदलतोस का? तो म्हणाला, "ते काका कंपनीकडं असतं, आपल्याला चान्स नाही." डब्ल्यूपीएसबद्दल विचारल्यावर त्याने बटण कुठे आहे ते दाखवलं आणि ते किती सोयीचं आहे ते समजावून सांगितलं.

या मुलाचा दोष नाही. त्याला दिवसाची कनेक्शनं मोजून पैसे मिळतात, आणि पासवर्ड विसरलेल्या गिऱ्हाइकाचा फोन कस्टमर केअरला आला तर तो खर्च कंपनीला नको असतो. मोबाईल नंबर टाकण्याची पद्धत तिथून आली. सव्वा तासाचा आकडा कंपनीच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

दूरस्थ व्यवस्थापनाचंही तेच. पुरवठादार आपल्या खोलीतून तुमच्या राऊटरची सेटिंग बदलू शकतो. त्यात वावगं काही नाही, बिघाड लवकर दुरुस्त होतो. पण तो रस्ता साऱ्या जगाला उघडा राहिला तर काय होतं, हे जर्मनीत नोव्हेंबर २०१६ मध्ये दिसलं. ज्या पोर्टवरून पुरवठादार हे काम करतात त्या ७५४७ वर मिराईचाच एक अवतार थडकला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं नेट गेलं. त्या नऊ लाखांपैकी एकानेही काही चुकीचं केलं नव्हतं.

म्हणून काही ठिकाणी कायद्याने बोट उत्पादकांकडे वळवलं आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून एकाच पासवर्डाने हजारो उपकरणं विकायला बंदी आहे: प्रत्येकाला वेगळा द्या, नाहीतर पहिल्या वापरात बदलायला लावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तसाच कायदा लागू झाला, आणि तिथे उत्पादकाला सुरक्षा अपडेट किती काळ देणार तेही सांगावं लागतं. हे दुसरं कलम मला पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचतो; राऊटर किती वर्षं दुरुस्त होत राहणार, हे खोक्यावर असावं असं आपल्याला वाटलेलंच नाही.

'पण ज्येष्ठ नागरिकांना हे सगळं कसं जमणार?' हा यादीच्या बाजूने शेवटचा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. त्यांना १९२.१६८.१.१ हे राऊटरच्या सेटिंगचं पान उघडून काही करायला सांगणं हा खरोखरच छळ आहे. गंमत म्हणजे यादी नेमका तोच छळ करते. नाव लपवणं, फिल्टर लावणं, महिन्याला पासवर्ड बदलणं यांतलं प्रत्येक काम त्या पानावर जाऊनच करावं लागतं. मी सांगतो त्यातलं बहुतेक काम जोडणीच्या दिवशी, आलेल्या मुलाकडून, दहा मिनिटांत होतं. कंपनी त्याला ती दहा मिनिटं देत नाही, एवढीच अडचण आहे.

आणि इथे सोसायटीच्या कमिटीला जे करता येतं ते एकट्या सभासदाला येत नाही. पुरवठादाराला डक्टमधून केबल न्यायची असते, जिन्याखाली पेटी बसवायची असते, त्यासाठी कमिटीचं पत्र लागतं. त्या पत्रात आजवर भिंतीला भोक कुठे पाडायचं आणि लिफ्ट वापरायची की नाही एवढंच लिहिलं जातं. त्यातच लिहा: स्टिकरवरचा पासवर्ड बदलून मोबाईल नंबर टाकायचा नाही. डब्ल्यूपीएस बंद करून द्यायचं. ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येक घराला वेगळा असेल आणि इंटरनेटच्या बाजूने राऊटरच्या सेटिंगचं पान उघडणार नाही. जोडलेल्या मॉडेलला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ते बिलावर छापायचं, आणि ती मुदत संपली की पेटी बदलून द्यायची. पुरवठादार कुरकुर करेल, वरच्या ऑफिसला विचारावं लागेल म्हणेल. विचारू द्या. त्याच डक्टमध्ये केबल टाकायची परवानगी मागणारे आणखी दोघेतिघे सेक्रेटरींच्या दारात उभे असतातच.